अनुभव धागा: कोवळ्या वयात नेटवर काय काय भेटलं?

मोरपंखी_शाई:

भाची बारा वर्षांची. परवा माझ्या शेजारी बसून एका अ‍ॅपवर खातं उघडत होती. जन्मसाल टाकायची वेळ आली तशी जराही न अडखळता 2005 निवडलं. म्हटलं, अगं हे काय? तर म्हणे, "मावशी, तेरा पूर्ण नसतील तर घेतच नाहीत. वर्गातले सगळे 2005 चेच आहेत." इतक्या सहज म्हणाली की मला रागवायचंही सुचलं नाही.

त्यावरून माझे याहू मेसेंजरचे दिवस आठवले. चॅटरूममध्ये शिरलं की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट 'एएसएल'. वय, लिंग, ठिकाण. कोण विचारतंय, कशाला विचारतंय, असला प्रश्नच पडायचा नाही. तिथे मला एक मैत्रीण मिळाली होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच चित्रं काढणारी. निदान ती तसं म्हणायची. त्या गप्पा मी सेव्ह करून ठेवायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या सलग वाचल्या आणि तिने विचारलेले प्रश्न तेवढे वेगळे काढले. शाळा कधी सुटते. येताना सोबत कोण असतं. आईला टायपिंग येतं का. कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे. एकेक प्रश्न सुटा घेतला तर त्यात वावगं काही नाही, आणि सगळे वेगवेगळ्या दिवशी, मध्ये रंगांच्या नि ब्रशच्या भरपूर गप्पा. कॉम्प्युटरच्या खोलीचा प्रश्न तर मला तेव्हा फर्निचरबद्दलचा वाटला होता!

एकदा चुलतभाऊ मागून जाता जाता वाचत उभा राहिला. ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "ही तुला एवढं विचारते, तुला हिच्याबद्दल काय माहितीये?" मी स्क्रोल करत वर वर गेले. रंगपेटीपलीकडे काहीच नाही. दादा म्हणाला, आता तू विचार, तिची शाळा कधी सुटते. विचारलं. आधी चिडली, मग रडकुंडीला आली, माझ्यावर विश्वास नाही का वगैरे, आणि मग गायब. कोण होतं ते आजतागायत कळलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. तेव्हाचे, आत्ताचे, भाचरांचे, विद्यार्थ्यांचे. उपदेश नको, त्याला घरोघरी माणसं नेमलेली आहेत. काय झालं आणि मग काय केलंत, एवढंच.

उंटावरचा:

पयला! आता वाचतो.

टिंब टिंब:

रुमाल टाकून जागा धरते. मशीनमधले कपडे वाळत घालून येते.

जुनी_खोड:

एएसएल!! काय आठवण काढलीत हो. आमच्या रूममधल्या निम्म्या '18 एफ' म्हणजे आमच्याच वर्गातले मुलगे होते. एकाने तर स्वतःच्या सख्ख्या भावाशी दोन आठवडे गुलूगुलू गप्पा मारल्या, दोघंही मुलगी बनून.

अवांतर: 2018 च्या जुलैत याहू मेसेंजर कायमचा बंद होणार म्हणून शेवटचं दर्शन घ्यायला गेलो, तर पासवर्ड आठवेना. सिक्युरिटी प्रश्न होता 'तुमचा आवडता शिक्षक'. एकही आवडता नव्हता, तेव्हा काय लिहिलं असेल देव जाणे.

उंटावरचा:

@जुनी_खोड हसून हसून पुरेवाट. तो दुसरा भाऊ तुम्हीच ना?

जुनी_खोड:

प्रतिसाद काढून टाकला आहे.

खडू:

'कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे' वाचून काटा आला अंगावर. हल्ली हाच प्रश्न 'तुझा फोन घरी कोण चेक करतं का' असा येतो. मी शिकवते, त्यामुळे मुलांकडून ऐकलेलं सांगते. क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी भरपूर कौतुक. मग 'तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस' हे पालुपद. मग 'इथे नको, त्या दुसऱ्या अ‍ॅपवर ये, तिथे मेसेज आपोआप पुसले जातात'. आणि मग 'हे आपल्या दोघांतच'. ही शेवटची दोन वाक्यं ऐकू आली की सांगायला या, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, असं मी वर्गात सांगते.

एकदा भाषण न देता फळ्यावर एक फोटो काढला, म्हणजे चित्रच. एक मुलगी दारात उभी, गणवेशात, हातात बक्षीस. म्हटलं, हा फोटो कुणीतरी नेटवर टाकलाय, सांगा हिच्याबद्दल काय काय कळतं. बिल्ल्यावरून शाळा. दारावरच्या पाटीवरून आडनाव. मागे उभ्या असलेल्या बसवरचा नंबर. एक मुलगा उठून म्हणाला, बाई, सावली लांब आहे आणि दप्तर अजून पाठीवर आहे, म्हणजे ही नुकतीच शाळेतून आलीये, आणि फोटोत मागे कुलूप दिसतंय, म्हणजे घरात कोणी नाही. कुलूप मी सहज म्हणून काढलं होतं! वर्ग एकदम गप्प.

त्यानंतर आमच्या स्नेहसंमेलनाचे फोटो टाकायचे होते तर त्याच मुलाने कार्यालयात जाऊन विचारलं, खाली सगळ्यांची पूर्ण नावं कशाला?

टिंब टिंब:

आले. खडूबाई, कुलूपवाल्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी फोटो टाकताना फक्त मी जाड दिसतेय का एवढंच बघते.

उंटावरचा:

मी स्पष्टच बोलतो. अठरापर्यंत फोनच देऊ नका. प्रश्न मिटला.

पहिला बाक:

शाळेचा गृहपाठच फोनवर येतो काका.

उंटावरचा:

मग शाळा बंद करा :)

शेवटचा बाक:

मी 17. लिहू का नको करत होतो.

फोन काढून घेतात म्हणूनच आम्ही घरी काही सांगत नाही. उंटावरचे काका, तुमच्या बोलण्याचा आमच्या बाजूने अर्थ असा होतो की काही झालं तर शिक्षा ज्याला झालं त्यालाच.

माझ्या मित्राचं सांगतो (त्याला विचारून). त्याला एका मुलीची रिक्वेस्ट आली, चारपाच कॉमन फ्रेंड्स. दोन दिवस गप्पा, मग तिने स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला आणि त्याचा मागितला. याने पाठवला. पाचव्या मिनिटाला भाषाच बदलली. त्याच्या फ्रेंडलिस्टचा स्क्रीनशॉट, त्यात त्याच्या आईचं नाव अधोरेखित केलेलं, आणि पैसे. मग उलटी मोजणी. 'दहा मिनिटं.' 'नऊ.' 'आठ.' तो मला दर मिनिटाला फॉरवर्ड करत होता आणि मधून मधून लिहीत होता की माझं आयुष्य संपलं. रात्रीचा दीड. मला भीती वाटली की हा खरंच काहीतरी करून बसेल. म्हणून कॉल लावला आणि ठेवलाच नाही. तो रडत होता, मी शोधत होतो काय करायचं.

सगळीकडे एकच लिहिलेलं, पैसे देऊ नका, आणि चॅट उडवू नका. त्याला तर सगळं डिलीट करायचं होतं. मी म्हटलं थांब, आधी स्क्रीनशॉट. नुसत्या नावाचा नाही, प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम पण, कारण नाव तर ते लगेच बदलतात. मग त्याच अ‍ॅपवर रिपोर्ट, मग ब्लॉक. आणि मग त्याच्या ताईला उठवलं. उठवायला त्याला अर्धा तास लागला. ताई उठली, ऐकलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "बरं झालं उठवलंस." सकाळी तिनेच बाबांना सांगितलं, हा खोलीत बसून ऐकत होता. फोन काढून घेतला नाही त्यांनी. सोबत जाऊन तक्रार दिली.

तो फोटो एकाला पाठवला गेला, आमच्याच वर्गातल्या मुलाला. त्याने उडवला आणि ह्याला मेसेज केला की मला एक फालतू काहीतरी आलेलं, उडवलं, तू ठीक आहेस ना. बास. वर्गात त्यावर कधी चकार शब्द नाही.

खडू:

बाळा, त्या रात्री तू कॉल ठेवला नाहीस हे फार मोठं केलंस. आणि तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं नाव मला माहीत नाही, पण त्याच्या आईवडलांना भेटायला आवडेल.

टिंब टिंब:

रडवलंस रे. ताईचं वाक्य पाठ करून ठेवते.

उंटावरचा:

मागे घेतो माझं वरचं. खरंच.

कुलूपकिल्ली:

मी याच क्षेत्रात नोकरी करतो. @शेवटचा बाक, तुम्ही पोरांनी जे केलंत तेच आणि त्याच क्रमाने करायचं असतं. हे प्रेमभंगाचं प्रकरण नसतं, धंदा असतो. टोळ्या असतात, पलीकडे 'मुलगी' म्हणून कोण बसलंय याचा नेम नाही, एकाच वेळी बऱ्याच जणांशी तीच वाक्यं चालू असतात. एफबीआयने याबद्दल जाहीर इशारे दिलेत, त्यात या पैशांच्या ब्लॅकमेलला बळी पडणाऱ्यांत मुख्यतः 14 ते 17 वयाचे मुलगे असतात असं म्हटलंय. लोकांना वाटतं हे मुलींच्याच बाबतीत होतं, त्यामुळे मुलगे आणखीच गप्प बसतात. एकदा पैसे दिले की 'हा देतो' एवढीच नोंद पलीकडे होते आणि मागणी वाढते.

मित्राला हेही सांग. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर असा फोटो नेटवर पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था चालवते. कुठल्याही देशातून वापरता येते, नाव द्यावं लागत नाही. अठरावरच्यांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' आहे, 2021 पासून.

भाबडा प्रश्न:

भाप्र. म्हणजे तोच फोटो परत एका अनोळखी वेबसाइटला द्यायचा? आगीतून फुफाट्यात नाही का?

कुलूपकिल्ली:

रास्त प्रश्न आहे. फोटो कुठेच जात नाही, तुमच्या फोनवरच राहतो. त्याच्यावरून तिथल्या तिथे एक लांबलचक आकडा तयार होतो, त्याला हॅश म्हणतात, बोटाच्या ठशासारखा. ठशावरून चेहरा काढता येत नाही, पण दुसरा ठसा जुळतो का ते बघता येतं. तो आकडा या योजनेत सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि कुणी तोच फोटो त्यांच्याकडे चढवायला गेलं की त्यांच्या यंत्रणेला सापडतो. मर्यादाही सांगतो. जे प्लॅटफॉर्म सामील नाहीत तिथे उपयोग नाही, आणि एन्क्रिप्टेड खासगी चॅटमध्ये आत कुणालाच डोकावता येत नसल्याने तिथेही नाही. फोटो कापला, रंग बदलले तर हॅशही वेगळा येऊ शकतो. तरी करावंच.

शेवटचा बाक:

हे माहीत नव्हतं. आत्ताच पाठवलं त्याला. थँक्स दादा.

ढगांचा_नकाशा:

मी जरा हलकं लिहिते. ऑर्कुट, तेव्हाची आमची सोशल साइट! त्यातलं स्क्रॅपबुक, म्हणजे निरोपांची वही, सगळ्यांना उघडं दिसायचं, आणि आम्हाला वाटायचं आपण खासगीत बोलतोय. मी मैत्रिणीला लिहिलं, अमुक अमुक मला आवडतो. तिने तिच्या स्क्रॅपबुकात नाही, माझ्याच स्क्रॅपबुकात येऊन उत्तर दिलं, म्हणजे माझं वाक्य तिकडे, तिचं इकडे. दोन्ही जोडून वाचण्याची चिकाटी फक्त आत्यामध्ये होती. तिने फोन करून आईला विचारलं, हा मुलगा काय करतो?

जुनी_खोड:

आणि ते 'नुकतेच येऊन गेलेले'! कोण आपलं प्रोफाइल बघून गेलं ते दिसायचं. किती जणांची पंचाईत झाली असेल. 2014 च्या सप्टेंबरात बंद झालं तेव्हा मी मित्रांनी माझ्याबद्दल लिहिलेली टेस्टिमोनियल्स उतरवून घेतली. अजून आहेत. सगळ्यांत 'मनमिळाऊ' हा शब्द आहे.

ढगांचा_नकाशा:

माझ्यात 'हसतमुख'. मी कुणाशी हसायचे देव जाणे.

टिंब टिंब:

मला एकाने 'डाउन टू अर्थ' लिहिलेलं. उंची चार फूट अकरा, हे तो विसरला नव्हता.

मोरपंखी_शाई:

अरे धागा कुठे चालला :) चालू द्या. @कुलूपकिल्ली, ते तेरा वर्षांचं नक्की काय आहे? मुलांना सांगायला काहीतरी हवं ना. 'नियम आहे' एवढ्यावर भाचीचं समाधान होत नाही.

कुलूपकिल्ली:

अमेरिकेतला 1998 चा कायदा, कोप्पा. तेराखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती घ्या, असं त्यात आहे. कंपन्यांनी म्हटलं, कुठे संमत्या गोळा करत बसायचं, तेराखाली नकोच. म्हणजे तेराव्या वर्षी मूल तयार होतं असं कुणी शोधून काढलेलं नाही. युरोपात डेटासाठीची मर्यादा सोळा आहे, देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून सोळाखालच्यांना बऱ्याच मोठ्या सोशल मीडियावर खातीच बंद केली.

भाचीला पटेल असं कारण हवं असेल तर हे सांगा. किशोरवयीन खात्यांवर बऱ्याच ठिकाणी आपोआप काही अडसर असतात. अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, प्रोफाइल खासगी असतं, काही जाहिराती दिसत नाहीत. 2005 लिहिलं की ती वीस वर्षांच्या वरची बाई. अडसर सगळे गेले. खोटं वय लिहून तिने दार उघडून घेतलं असं तिला वाटतंय, प्रत्यक्षात कडी काढून दिली.

पहिला बाक:

मी 15. माझी तक्रार वेगळी आहे. माझी सगळी खाती खासगी आहेत, फोटो नाही, खरं नाव नाही. आणि आई! मार्कलिस्ट रोल नंबरसकट. आजारी असतानाचा झोपलेला फोटो. लहानपणीचे अंघोळीचे फोटो 'आमचं पिल्लू' म्हणून, सगळ्यांना दिसतील असे. वर्गातल्या एकाने ते शोधून काढले आणि ग्रुपवर टाकले. आईला म्हटलं काढ, तर ती म्हणाली, एवढं काय त्यात, तू माझंच बाळ आहेस ना.

टिंब टिंब:

उईई. मी आत्ता उठून माझ्या लेकीचे सगळे बघून येते.

मोरपंखी_शाई:

मग काढले का?

पहिला बाक:

आजीने काढायला लावले. आजीने आईचा शाळेतला, दोन वेण्यांचा आणि नाक वाहतंय असा एक फोटो काढला अल्बममधून आणि म्हणाली, हा टाकू का गं, तूही माझंच बाळ आहेस. संध्याकाळपर्यंत माझे सगळे गेले.

जुनी_खोड:

आजीला साष्टांग नमस्कार सांगा.

कुलूपकिल्ली:

आजी धोरणी आहेत. पुरवणी म्हणून: 2021 पासून अठराच्या आतल्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना गूगलकडे अर्ज करता येतो, आमच्या मुलाचा हा फोटो शोधात दाखवू नका. मूळ वेबसाइटवरून तो जात नाही, फक्त शोधलं की वर येत नाही. मुळावर घाव घालायचा तर तिथेच काढायला लावावा लागतो.

मुकी_बासरी:

प्रवासात आहे, तुटक लिहिते.

अकरावीत असताना वर्गाच्या ग्रुपवर माझ्या गाण्याची क्लिप फिरली. सूर चुकला तिथे थांबवून, तोंड वेडंवाकडं झालेलं, त्याचा स्टिकर केला कुणीतरी. मग प्रत्येक गोष्टीला तोच स्टिकर. परीक्षेचं वेळापत्रक आलं, माझं तोंड. कुणाचा वाढदिवस, माझं तोंड. बघून हसणारे फार थोडे होते खरं तर, पण बाकीचे साठ जण गप्प होते, आणि मला ते गप्प साठच दिसायचे. कॉलेजला जाताना बसमध्ये प्रत्येकाच्या फोनकडे बघायचे मी.

एक मुलगी होती, फारशी ओळखही नाही. तिने ग्रुपवर भांडण केलं नाही. तिने मला वेगळं लिहिलं, "मला ते आवडलं नाही. मी वापरणार नाही. उद्या माझ्याशेजारी बस." आणि बनवणाऱ्यालाही वेगळं लिहिलं असावं, कारण दोनतीन दिवसांत ते थांबलं. ग्रुपवर जाहीर माफी वगैरे काही नाही, नुसतं थांबलं. गाणं सोडलं नव्हतं मी, पण कुणी फोन वर केला की अजून आवाज बारीक होतो.

आलं माझं स्टेशन.

खडू:

हे फार महत्त्वाचं लिहिलंस. मुलांना 'विरोध करा' असं सांगितलं की त्यांना वाटतं साठ जणांसमोर उभं राहून भाषण द्यायचंय, आणि ते एकट्याने कुणालाच जमत नाही. दोन खासगी मेसेज जमतात.

आणि आमच्याकडे एक समजूत पक्की आहे, 'डिलीट फॉर एव्हरीवन केलं की झालं'. त्या सोयीमुळे उलट मुलं जास्त बेफिकीर झाली असं माझं निरीक्षण. समोरच्याने स्क्रीनशॉट काढायला एक क्षण पुरतो. तो एकदा पोचला की पुसणारा फक्त स्वतःच्या मनाची समजूत घालत असतो.

वाळवंटी_वारा:

मुलाला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. चौदाचा असताना एका घरट्याचा सुंदर फोटो काढला, पिल्लं चोची उघडून, आणि टाकला पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर. एका जुन्या जाणत्या काकांनी खासगीत लिहिलं, फोटो उत्तम, पण काढून टाक, जागा कळते. लोक गर्दी करतात, फांद्या तोडून फोटो काढतात, मग आई घरट्यावर येईनाशी होते. मुलगा म्हणाला, जागा तर मी लिहिलीच नाही! काकांनी त्याच्याच फोटोतून अक्षांश-रेखांश काढून दाखवले. फोन फोटोच्या आत ते लिहून ठेवतो. बऱ्याच साइट्स फोटो चढवताना ती माहिती पुसतात, पण हा डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइलच पाठवत होता, म्हणजे सगळं जसंच्या तसं.

मी त्याला लोकेशन बंद कर म्हणून कितीदा सांगितलं असेल, ढिम्म. पिल्लांसाठी मात्र त्याच मिनिटाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. नंतर त्याचं त्यालाच लक्षात आलं असावं. संध्याकाळी म्हणाला, "बाबा, मग आपल्या गॅलरीतल्या चिमण्यांच्या फोटोत आपलं घर आहे की."

टिंब टिंब:

हे भारी आहे. माझ्या फोनमध्ये कुठे असतं ते?

वाळवंटी_वारा:

कॅमेरा उघडा, त्याचंच सेटिंग, लोकेशन टॅग. फोनगणिक नाव थोडं बदलतं.

आठवा_रंग:

कुणाला ती भयानक मोमो आठवते का? बटाट्याएवढे डोळे, रुंद जिवणी. 2019 च्या सुमारास पालकांच्या ग्रुपवर आली, मुलांना व्हिडिओतून धोकादायक गोष्टी करायला सांगते म्हणून. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही पोराने तिचं नाव ऐकलं नव्हतं. पालकांनी 'तू हे पाहिलंस का' म्हणून तोच फोटो समोर धरून विचारलं आणि रात्रभर पोरं जागी. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्था तेव्हाच म्हणत होत्या की याला काही पुरावा नाही, फिरवू नका. ते चित्र म्हणजे जपानमधल्या एका प्रदर्शनातलं शिल्प होतं, आणि घबराट पसरली तोवर शिल्पकाराने ते कुजलं म्हणून फेकूनही दिलं होतं.

जबाबदारीने वागायचे धडे द्यायला निघालो की आधी आपला फॉरवर्ड करायचा अंगठा बांधून ठेवावा.

उंटावरचा:

आमच्या ग्रुपवर ती परवा परत आली होती. नवीन मेकअप करून.

रात्रपाळी:

ड्युटी संपवून आत्ता वाचला धागा. माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. आमच्या मामेबहिणीच्या नंबरवरून त्याला मेसेज, "अरे चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, पाठव ना पटकन." लगेच कोड आलाही. पठ्ठ्याने काय केलं, मेसेजला उत्तर न देता तिला साधा फोन लावला. ती म्हणाली, माझं व्हॉट्सअ‍ॅप सकाळपासून चालत नाहीये! म्हणजे तिचं खातं आधीच गेलेलं, आणि तो कोड होता याच्या खात्याची किल्ली. मग सगळ्या नातेवाइकांना याने फोन करून सांगितलं. दोघांनी तोवर कोड देऊन टाकला होता, घाईत होते म्हणे.

भावाला विचारलं, तुला संशय कसा आला? म्हणे, ताई मला जन्मात 'अरे' म्हणत नाही, 'ए माकडा' म्हणते.

जुनी_खोड:

म्हणजे मायेने हाक मारत चला लोकहो, खाती वाचतील.

कुलूपकिल्ली:

यात विनोद आहे पण खरंही आहे. आता आवाजाची नक्कलही करतात, त्यामुळे घरातल्यांनी एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, नेटवर कुठेही न लिहिलेला. 'मी अडचणीत आहे, पैसे पाठव' असा फोन आला की तो विचारायचा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा सगळ्यांनी. ही सोय 2017 पासून आहे आणि अजून कितीतरी जणांनी लावलेला नसतो. पिन असला की नुसता तो सहा आकडी कोड मिळून चोराचं भागत नाही.

भाबडा प्रश्न:

कुठे असतो तो? आणि दर महिन्याला पासवर्ड बदला म्हणतात ते करायचं का? माझ्या लेकाच्या वहीत पासवर्डची यादी आहे, प्रत्येकाच्या शेवटी 1, 2, 3 वाढवत नेलंय.

कुलूपकिल्ली:

म्हणूनच ते करू नये. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही 2017 मध्ये सांगितलं की ठरावीक मुदतीने उगाच बदलायला लावू नका, माणसं नेमकं हेच करतात. लांब असावा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. फुटल्याचं कळलं तर मात्र लगेच बदला. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला ईमेल टाकला की तो कुठल्या चोरीच्या साठ्यात सापडलाय का ते कळतं. 2013 पासून चालू आहे, विश्वासाची आहे.

पिन: सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तिथे ईमेलही द्या, विसरलात तर कामाला येतो.

जुनी_खोड:

टाकला ईमेल. लाल. एकदा नाही, बऱ्याच ठिकाणी. त्यातल्या एका साइटवर मी कधी गेलो होतो तेच आठवेना.

उंटावरचा:

आम्हाला आठवतंय, भावाशी गप्पा मारायला.

मोरपंखी_शाई:

सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला सावकाश उत्तर देते. आत्ता भाची आलीये. कडी काढल्याचं सांगितलं तिला. पहिली प्रतिक्रिया, "म्हणजे मला आता म्हाताऱ्या बायकांच्या जाहिराती दिसणार?" खातं बंद करायला तयार नाही, पण ती 'कॉम्प्युटर कुठल्या खोलीत' गोष्ट दोनदा ऐकली. मग म्हणाली, गेममध्ये एकजण आहे, तो नेहमी विचारतो तू घरी एकटी असतेस का. त्याला काय उत्तर देऊ?

खडू:

काही उत्तर देऊ नको म्हणावं. आधी त्या गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या, दोघी मिळून. मग रिपोर्ट, ब्लॉक. आणि तिच्या आईला सांगताना तिला शेजारी बसवून सांग, तिच्या मागे नको.

शेवटचा बाक:

गेम सोडायला लावू नका फक्त. नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही ती.

मोरपंखी_शाई:

हो रे. बसलोय आत्ता दोघी. युजरनेम कुठे दिसतं या गेममध्ये, तेच शोधतोय.

शेवटचा बाक:

गेमचं नाव विपूत (माझ्या विचारपूस पानावर) सांगा. मी सांगतो.

भाबडा प्रश्न:

पिन लावला एकदाचा. लक्षात राहावा म्हणून कुठे लिहून ठेवू?

उंटावरचा:

इथे सोडून कुठेही.